कोरड्यास वाढवा, भाकरी बेताची ठेवा: कमी पैशांत मधुमेहाचे जेवण

पाच वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना मधुमेह असल्याचे निदान झाले, तेव्हा पहिल्या महिन्यात घरात जो जादा खर्च झाला तो औषधांवर नव्हे, खाण्यावर झाला. ‘शुगर फ्री’ लिहिलेली बिस्किटे, मल्टिग्रेन पिठाची पिशवी, ओट्सचा डबा, कारले-जांभळाच्या रसाची बाटली आणि साखरेऐवजी म्हणून दोन किलो सेंद्रिय गूळ, एवढे सगळे खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी आले. आणि तीन महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा आकडा जिथल्या तिथे होता. ज्या डॉक्टरबाईंना आम्ही दाखवत होतो त्यांनी बिस्किटांची चौकशी केली नाही की रसाची. त्यांनी सासूबाईंना एवढेच विचारले, “आजी, एका वेळी भाकरी किती खाता आणि कोरड्यास किती घेता?” उत्तर होते, तीन भाकरी आणि एक वाटी पातळ आमटी.

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक कष्टकरी घरांतले ताट असेच असते. भाकरी पोट भरण्यासाठी असते आणि कोरड्यास, म्हणजे आमटी, उसळ किंवा भाजी, ती भाकरी घशाखाली उतरावी म्हणून असते. मधुमेहात हे प्रमाण उलटे करावे लागते, आणि त्यासाठी दुकानातली कोणतीही खास वस्तू लागत नाही. अडचण एवढीच, की भाकरी स्वस्त असते आणि उसळ, भाजी, अंडे यांना पैसे पडतात; म्हणून हे पैसे कोठून काढायचे याचाही हिशेब पुढे दिला आहे.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे मार्गदर्शन प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप 2 मधुमेहासाठी आहे. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा विकार जडलेले रुग्ण यांचा आहार वेगळा असतो. विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर डाळी-कडधान्ये किती खावीत हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्याचप्रमाणे जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी घेतात, त्यांनी भाकरी-भात कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण जेवण कमी आणि औषध पूर्वीइतकेच राहिले तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.

ताटाचा हिशेब

ज्वारी खाल्ली की साखर वाढत नाही, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे आणि त्याने पुष्कळांचे नुकसान केले आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा गहू यांपैकी कोणतेही पीठ घेतले, तरी 100 ग्रॅम पिठात साधारण 60 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती पचून शेवटी रक्तात साखर म्हणूनच उतरतात. पांढऱ्या तांदळात हे प्रमाण 78 ग्रॅमच्या आसपास आहे आणि तंतू मात्र अगदी थोडे आहेत. ज्वारी-बाजरीत तंतू भरपूर असल्यामुळे साखर काहीशी हळू चढते, हा लाभ खरा आहे. पण आपल्याकडची घसघशीत भाकरी 80 ते 100 ग्रॅम पिठाची असते, आणि अशा तीन भाकऱ्या म्हणजे पाव किलो किंवा त्याहूनही जास्त पीठ एका बैठकीला पोटात जाते. त्यातून सुमारे 170 ग्रॅम कर्बोदके मिळतात. इतका भार एकदम आल्यावर धान्य कोणते आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

म्हणून ताट असे वाढावे: अर्ध्या भागात भाज्या, त्यात शिजवलेली भाजी आणि काकडी, मुळा, टोमॅटो, कांदा यांसारखे कच्चे काहीतरी, पाव भागात घट्ट उसळ, डाळ, अंडी किंवा मासळी, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, चपाती किंवा भात यांपैकी एकच. वाट्यांच्या भाषेत सांगायचे तर 60 ते 70 ग्रॅम पिठाची एक भाकरी किंवा दोन फुलके, दोन वाट्या भाजी आणि एक मोठी वाटी घट्ट उसळ. घरात वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात एकदाच 65 ग्रॅम पीठ मोजून घ्यावे, ते घरातल्या एखाद्या वाटीत कोठपर्यंत येते ते पाहावे आणि पुढे त्याच वाटीने पीठ मळायला घ्यावे. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला एका भाकरीवर भागणार नाही. त्याने दीड किंवा दोन घ्याव्यात, पण त्या प्रमाणात उसळ-भाजीही वाढवावी.

तीन भाकऱ्यांवरून एकावर एका दिवसात येण्याचा प्रयत्न करू नये. आमच्याकडे तो फसला, कारण रात्री भुकेने झोप लागेना आणि मग चुलीपाशी चिवडा शोधला जाऊ लागला. दर आठवड्याला अर्धी भाकरी कमी आणि तेवढी उसळ-भाजी जास्त, या गतीने गेल्यावर महिना-दीड महिन्यात पोटाला सवय झाली.

खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. आधी काकडी-मुळा आणि भाजी, मग उसळ आणि शेवटी भाकरी असे जेवल्यास तेच पदार्थ तितकेच खाऊनही साखर कमी उसळते. जेवणानंतर अंगणात किंवा गल्लीत दहा-पंधरा मिनिटे चालणे हा दुसरा उपाय. त्याला काहीच पैसे लागत नाहीत आणि तो रोज करता येतो.

धान्यावर जादा पैसे घालू नयेत

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, पट्टा आहे. ज्यांच्या रानात अजून जोंधळा पिकतो त्यांना प्रश्न नाही. परंतु पाणी आल्यावर ऊस, द्राक्ष आणि डाळिंब यांकडे वळलेल्या कितीतरी घरांना आता ज्वारी विकत घ्यावी लागते, आणि रेशनवर मात्र गहू-तांदूळ मिळतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. अशा घरात मधुमेह झाला म्हणून तो गहू बाजूला सारून महाग ज्वारी आणण्याची काही आवश्यकता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रेशनचा गहू निवडून गिरणीतून दळून आणावा आणि पीठ चाळू नये. आपल्याकडे चाळणीत राहिलेला कोंडा म्हशीच्या आंबोणात जातो. मधुमेह असलेल्या माणसाला नेमका तोच हवा असतो. चार किलो गव्हात एक किलो हरभरा घालून दळल्यास पिठातली प्रथिने वाढतात आणि त्याची चपाती अधिक वेळ पोटात राहते. जे पैसे ज्वारीवर गेले असते ते कडधान्यावर घालावेत.

ज्वारी घ्यायचीच असेल तर वर्षाची बेगमी शाळूची काढणी झाल्यावर करावी, त्या वेळी दर उतरलेला असतो. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरल्यास किडीची भीती कमी होते. थंडीत बाजरी, पाटण-जावळीकडच्या डोंगरी गावांत नाचणी, हे जे ज्याच्या भागात पिकते ते त्याने खावे. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे वयस्क स्त्रियांना ती विशेष उपयोगी. मात्र बारीक दळलेल्या नाचणीची पातळ आंबील पेलाभर प्याली तर साखर भाकरीपेक्षा लवकर चढते, म्हणून नाचणी भाकरीच्या रूपात खाणे बरे.

रेशनच्या तांदळाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण भात मऊ असतो आणि नकळत जास्त खाल्ला जातो. एक वाटी शिजलेला भात ही मर्यादा धरावी आणि ज्या वेळी भात असेल त्या वेळी भाकरी ठेवू नये. खिचडी करायची तर तांदूळ आणि सालाची मूगडाळ समसमान घेऊन त्यात दुधी, गाजर, घेवडा, मेथी असे हाताशी असेल ते भरपूर घालावे. भाताऐवजी जोंधळ्याच्या कण्या हा आपला जुना पदार्थ पुन्हा सुरू करावा. ज्वारी भरडून, पीठ चाळून उरलेल्या जाडसर कण्या ताकात शिजवल्या की वाटीभर खाऊनही पोट भरते.

कोरड्यास

ताटातला खरा बदल येथे होतो, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ आणि पैसा द्यावा. कडधान्यांत 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात; त्यांतही कर्बोदके असतात, परंतु तंतू आणि प्रथिने यांच्या सोबतीने ती फार सावकाश पचतात. एका माणसाला एका वेळी 35 ते 40 ग्रॅम कोरडे कडधान्य, म्हणजे भिजण्यापूर्वी मध्यम आकाराची मूठभर, पुरेसे होते.

दराच्या दृष्टीने पाहिले तर हुलगा (म्हणजे कुळीथ) आणि मसूर हे बहुतेक वेळा मटकी-मुगापेक्षा स्वस्त पडतात. हुलगा हे आपल्या दुष्काळी तालुक्यांचे कडधान्य आहे, आणि गरिबीची खूण समजून नव्या पिढीने ते टाकून दिले, याचे मला फार वाईट वाटते. हुलगे रात्री भिजवून, दुसऱ्या दिवशी कापडात बांधून मोड आणावेत आणि लसूण-मिरचीची फोडणी देऊन उसळ करावी. हुलग्याच्या पिठाचे पिठले बेसनाच्या पिठल्याइतकेच लवकर होते. शेंगोळे करताना हुलग्याच्या पिठात गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ मिसळले जाते, तेव्हा शेंगोळ्यांबरोबर भाकरी घेऊ नये. शेंगोळे हेच पूर्ण जेवण समजावे. माडगे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, करताना गूळ न घालता ताक, जिरे आणि मीठ घालून करावे.

इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांनी अख्खा मसूर प्रसिद्ध केला, पण ढाब्यावरचा मसूर तेलात न्हाऊन येतो. घरी मसूर तासभर भिजवून, कांदा-टोमॅटो-लसणाच्या वाटणात दोन चमचे तेलावर केला तर चार माणसांना तीन शिट्ट्यांत कोरड्यास होते. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या भागातल्या लोकांना नवा माल आला की परवडतो. तो रात्रभर भिजवावा, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात चांगला उकळवून पूर्ण मऊ शिजवावा. या जातीचा घेवडा अर्धवट शिजलेला राहिला तर उलट्या-जुलाब होतात.

इंधनाचा खर्च हाही खर्चच आहे. कडधान्य आठ-दहा तास भिजवल्याने गॅस निम्म्यावर येतो, आणि एकाच वेळी दोन दिवसांचे मोड आणून ठेवले तर रोजची दगदग वाचते. उन्हाळ्यात मात्र मोड लवकर आंबतात, तेव्हा एका दिवसापुरतेच काढावेत.

सोयाबीन आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर पिकते आणि जवळजवळ सगळे बाजार समितीत जाते. घरात कोणी खात नाही. सोयावडी, जिला दुकानात सोया चंक्स म्हणतात, तिच्यात 100 ग्रॅममागे 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, वांग्याच्या किंवा मटाराच्या रश्श्यात मूठभर टाकली तर मुले मटणासारखी आवडीने खातात. अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्यासाठी गावरान अंड्याला दुप्पट पैसे मोजण्याची आवश्यकता नाही. साध्या अंड्यातही प्रथिने तितकीच असतात. आठवडी बाजारात मिळणारी सुकट आणि बोंबीलही प्रथिनांसाठी चांगले, पण त्यांत मीठ फार असते. दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नये, कारण मधुमेहाच्या जोडीला रक्तदाबही असण्याचा संभव मोठा असतो. दिवसभराचे एकूण मीठ माणशी 5 ग्रॅम, म्हणजे एका छोट्या चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे आणि पापड हे याच कारणासाठी कमी करावेत. मिरचीचा खर्डा चालतो, पण त्यातले मीठ मोजून घालावे.

तेलाचा हिशेब सोपा आहे: माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर त्यातले निम्मे पैसे कडधान्याला मोकळे होऊ शकतात. रश्श्याला दाटपणा आणण्यासाठी वाटीभर शेंगदाण्याचे कूट घालण्याची आपली रीत आहे. शेंगदाणे गुणाचेच आहेत, पण त्यांत जवळजवळ निम्मे तेल असते. माणशी एक मोठा चमचा कूट पुरे, बाकी दाटपणा शिजलेली डाळ घोटून आणावा. जवसाची आणि कारळ्याची चटणी रोज चमचाभर घ्यायला हरकत नाही.

माळवे

भाजी विकत घेताना दोन नियम पाळावेत. एक, मोसमात जे ढिगाने येते तेच घ्यावे. दुसरा, आठवडी बाजारात दिवस मावळताना जावे, कारण त्या वेळी पालेभाजीच्या पेंढ्या परत नेण्यापेक्षा मिळेल त्या दराला दिल्या जातात. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, चुका, तांदुळजा यांपैकी कोणत्याही पालेभाजीने साखर वाढत नाही, तेव्हा त्या पोटभर खाव्यात. आणलेल्या पेंढ्या त्याच रात्री निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवल्या तर तीन-चार दिवस टिकतात. दोडका, दुधी, पडवळ, गवारी, कारले, भेंडी, कोबी, फ्लॉवर आणि कृष्णाकाठची वांगी ही सगळी ताटाच्या अर्ध्या भागात बसतात. बटाटा, रताळे आणि सुरण मात्र भाजी म्हणून धरू नयेत. त्यांची गणना भाकरी-भातात करावी. वांगे-बटाट्याच्या रश्श्यात बटाटा निवडून खाल्ला आणि वर भाकरीही खाल्ली, तर ती दोन भाकऱ्यांची बेरीज होते.

पावसाळ्यात बांधावर कुरडू, घोळ, पाथरी या रानभाज्या फुकट मिळतात. ज्यांना त्या ओळखता येतात त्यांनीच तोडाव्यात, आणि तणनाशक मारलेल्या रानातून तोडू नयेत. परड्यात शेवग्याचे एक झाड असले की पाल्याची भाजी वर्षातले बरेच महिने घरचीच होते; नसेल तर हातभर लांबीची फांदी पावसाच्या तोंडाला रोवून ठेवावी, शेवगा सहसा फांदीपासून फुटतो.

कारल्याचा रस, मेथीचे भिजवलेले दाणे, जांभळाच्या बियांची पूड यांविषयी मला रोज कोणीतरी विचारते. मेथीदाण्यांत तंतू असल्याने त्यांचा थोडा उपयोग होतो आणि ते स्वस्तही आहेत, तेव्हा चमचाभर घ्यायला हरकत नाही. पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. बाटलीतल्या रसावर महिन्याला जे पैसे जातात त्यांत महिनाभराची पालेभाजी येते.

पैसे कोठून काढायचे

दिवसातून पाच वेळा चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, हे आपल्याकडे अगदी सर्वसाधारण प्रमाण आहे. दहा चमचे म्हणजे जवळजवळ 50 ग्रॅम, म्हणजे एका माणसाची महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहातून जाते. त्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा, खारी किंवा टोस्ट असतो, आणि खरा पैसा तेथे जातो. रोज 10 रुपयांचा पुडा धरला तरी महिन्याला 300 रुपये होतात, आणि एवढ्यात मसूर-हुलग्यासारखे कडधान्य तीन किलोच्या आसपास येते. तीन किलो म्हणजे रोजचे 100 ग्रॅम. मधुमेह असलेल्या माणसाच्या दोन्ही वेळच्या उसळीला ते पुरून थोडे उरतेही. हा हिशेब मी प्रथम वहीवर मांडला तेव्हा मला स्वतःलाच विश्वास बसेना.

चहातली साखर एकदम बंद होत नाही. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करत गेले तर दोन महिन्यांत जीभ बिनसाखरेच्या चहाला रुळते. चहाची वेळ भुकेची असेल तर मूठभर फुटाणे खावेत. सांगलीच्या भडंगाबद्दल एवढेच सांगते, की त्यातले चुरमुरे हे पोकळ झालेले तांदूळच आहेत; खायचे असल्यास मूठभर भडंगात तेवढेच फुटाणे आणि भरपूर कांदा-कोथिंबीर मिसळून खावे. साखरविरहित म्हणून विकली जाणारी बिस्किटे बहुधा मैद्याचीच असतात, ती घेऊच नयेत.

ऊस, गूळ आणि फळे

उसाच्या मुलखात राहून हे लिहिताना जड जाते, पण गूळ आणि साखर यांत मधुमेहाच्या दृष्टीने फरक नाही. गुळात थोडी खनिजे असतात, परंतु त्याचा मोठा भाग साखरच असतो. काकवीचेही तेच, सेंद्रिय गुळाचेही तेच. गुऱ्हाळावर गेल्यावर हातावर घेतलेला गरम गूळ आणि रस्त्याकडेला प्यालेला उसाचा रस यांनी साखर फार वेगाने चढते. रसाच्या एका मोठ्या पेल्यात सहा-सात चमचे साखर सहज असते. तहान लागली असेल तर बिनसाखरेचे ताक प्यावे.

फळे बंद करू नयेत, पण रस काढू नये. पेरू हे मधुमेहासाठी उत्तम आणि स्वस्त फळ आहे. रोज एक मध्यम पेरू सालासकट खावा. मोसमात मूठभर जांभळे, पपईच्या दोन-तीन फोडी, बोरे हेही चालते. सांगलीकडच्या द्राक्षांचे दहा-बारा मणी पुरेत, आणि तासगावचा बेदाणा मात्र टाळावा, कारण वाळल्यावर त्यात जवळजवळ दोन-तृतीयांश साखरच उरते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत साखर कमी असते, पण ती महाग आहे. कोणी आणून दिली तर खावी.

उपवास आणि साखर एकाएकी उतरणे

आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणमार्गे जाते तेव्हापासून कार्तिकीपर्यंत आपल्या घरांत उपवास एकामागून एक चालू असतात. साबुदाण्याची खिचडी ही उपवासाची म्हणून हलकी समजली जाते. प्रत्यक्षात साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, आणि त्यात बटाटा पडला की ताट पूर्ण कर्बोदकांचे होते. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची किंवा काकडीची दही घालून केलेली कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, ताक आणि एक पेरू असा करावा. वरी घ्यायची तर एक वाटीच, दाण्याच्या आमटीबरोबर.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी किंवा दिवसभर काही न खाता केलेला उपवास करू नये. हेच ऊसतोडीला, भांगलणीला किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनाही लागू आहे. गोळी घेऊन न्याहारी न करता कामाला जुंपून घेणे फार धोक्याचे असते. दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड ही लक्षणे दिसली, किंवा साखर मोजण्याच्या यंत्रावर 70 च्या खाली आकडा आला, तर ताबडतोब तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे; आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. ज्यांना ही औषधे चालू आहेत त्यांनी शेतावर जाताना कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवावी आणि सोबतच्या माणसाला ती कशासाठी आहे हे सांगून ठेवावे.

आपल्या अंगाला काय मानवते ते पाहणे

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तिशी ओलांडलेल्यांची मधुमेहासाठी तपासणी होते आणि नेहमीच्या गोळ्याही मिळतात; तेथे न मिळालेल्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मूळ नावाच्या औषधापेक्षा पुष्कळ कमी दरात येतात. औषधावर वाचलेले पैसे ताटात यावेत, म्हणून याचा येथे उल्लेख केला.

घरात साखर मोजण्याचे यंत्र असेल तर त्याच्या पट्ट्या महाग पडतात, आणि रोज सकाळी उपाशीपोटी एकच पट्टी घालवून जेवणाविषयी फारसे काही कळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस ठरवावेत. त्या दिवशी एका जेवणाच्या आधी एकदा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजावे, आणि त्या जेवणात काय व किती खाल्ले ते वहीत लिहावे. साधारणपणे उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत आकडा असावा असे धरतात. फार वृद्ध माणसांसाठी डॉक्टर ही मर्यादा थोडी सैल ठेवतात. शेजारी-पाजारी मिळून एक यंत्र वापरत असतील तर टोचण्याची सुई प्रत्येकाची वेगळी आणि दर वेळी नवी असावी, यात काटकसर करू नये.

आमच्या वहीत पहिल्या दोन महिन्यांत दिसले ते असे, की मसूर आणि मेथीबरोबर एक भाकरी खाल्ली तर सासूबाईंचा आकडा जेवणाआधीच्या आकड्यापेक्षा 40 ते 50 ने चढायचा, आणि आमटी-भात खाल्ला की शंभराच्या पुढे जायचा. तुमच्या घरात हे आकडे वेगळे असतील, म्हणूनच वही स्वतःची हवी. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी, तपासणी करताना ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. सासूबाईंची एक गोळी डॉक्टरबाईंनी अर्धी केली ती ही वही पाहूनच, आणि त्या अर्ध्या गोळीचे पैसे आता महिन्याला दोन डझन अंड्यांना जातात.